मताचे मूल्य आणि मतदार यादी

हिंगोली जिल्ह्यातील बौद्ध समाजाच्या राजकीय कलाविषयी लिहिताना प्रथम एक मर्यादा मान्य केली पाहिजे. मतदान गुप्त असते; मतदान यंत्र जात वा धर्म नोंदवीत नाही. म्हणून 'समाजाचे मत अमुक पक्षाला गेले' असे छातीठोकपणे सांगणारे अंदाजच सांगत असतात. जे निश्चित ठाऊक आहे, त्याच्याच आधारे आपण विचार करू.

भिक्खू संघात मतभेद झाल्यास शलाका वाटून बहुमत पाहण्याची रीत होती. संघातील या मतदानपद्धतीचे स्मरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत करून दिले होते. सायमन कमिशनपुढे 1928 मध्ये त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तेव्हा मत देण्याचा हक्क मालमत्ता व शिक्षण यांच्याशी बांधलेला होता. निजामी राजवटीतील मराठवाड्यात तर प्रौढ मताधिकार नव्हताच. आपल्या आजोबा-पणजोबांनी पहिले मत दिले ते 1951-52 च्या सार्वत्रिक निवडणुकीत.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन (1942), रिपब्लिकन पक्ष (1957), त्यातील फाटाफूट आणि 1978 ते 1994 असा चाललेला विद्यापीठ नामांतराचा लढा, यांतून येथील राजकीय जाणीव घडली. आज ती एका दिशेने वाहत नाही. हिंगोली लोकसभा मतदारसंघात वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवारास 2019 मध्ये सुमारे 1 लाख 74 हजार, तर 2024 मध्ये सुमारे 1 लाख 61 हजार मते पडली. ही मते अनेक समाजांची आहेत. काहींना यात स्वाभिमानी राजकारण दिसते, काहींना मतविभागणी. दोन्ही बाजूंची माणसे एकाच विहारात वंदनेस बसतात, आणि त्यात गैर काही नाही.

परंतु या वादात एक आकडा मागे पडतो. 2014 मध्ये याच मतदारसंघात राजीव सातव केवळ 1,632 मतांनी विजयी झाले. तीन जिल्ह्यांत पसरलेल्या सहा विधानसभा क्षेत्रांचा निकाल एवढ्याशा फरकाने लागला. साधारणपणे दोन मतदान केंद्रांच्या यादीतच याहून अधिक नावे असतात. उलट, 2024 मध्ये शंभरातील सुमारे 63 मतदारच केंद्रावर पोहोचले.

उरलेल्यांना केवळ उदासीन म्हणणे अन्यायाचे होईल. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी पुणे-मुंबई-हैदराबादकडे जातो. 2024 ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन गळीत हंगामाच्या प्रारंभी झाली. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या जोडप्याने एका मतासाठी मजुरी बुडवून, भाडे खर्चून परतायचे कसे? टपाली मतदानाची सोय या मजुरांना नाही. निवासी शाळेची गरज ज्यांना सर्वाधिक भासते, ती कुटुंबे पुष्कळदा हीच असतात.

प्रवासाचा प्रश्न शासनाने सोडवावा, अशी मागणी आपण केलीच पाहिजे. यादीचा प्रश्न मात्र आपल्या हाती आहे. नाव यादीत नसेल तर ओळखपत्र असूनही मत देता येत नाही. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै व 1 ऑक्टोबर अशा चार तारखांना अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्यांची नोंद होते. नव्या नावासाठी नमुना 6, दुरुस्ती वा स्थलांतरासाठी नमुना 8. शहरात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी नाव तेथे नोंदवावे. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्यास मान्य नाही.

आषाढी ते आश्विन पौर्णिमा या वर्षावासात गावोगावी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. टोळ्या निघण्यापूर्वी माणसे गावात असण्याचे हेच तीन महिने. त्यांतील एका सायंकाळी, ग्रंथवाचन आटोपल्यावर, माजी विद्यार्थ्यांनी विहारात मतदार यादी मोठ्याने वाचावी. कोणाला मत द्यावे हे तेथे कोणी सांगू नये. कोणाचे नाव राहिले, एवढेच लिहून घ्यावे.