आधी ब्रेक, मग घंटी

मागून सायकलची घंटी वाजली की चालणारा घोळका दोन्हीकडे फुटतो. आजी डावीकडे सरकतात, नातू उजवीकडे पळतो आणि त्याला धरायला आई मधोमध येते. दिवाळीच्या तोंडावर कल्याणच्या रिंग रोडवर गांधारीकडून दुर्गाडीकडे येताना माझ्यासमोर नेमकं हेच झालं. पाच वाजून गेले होते. उतरतं ऊन थेट डोळ्यांत येत होतं, माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसत होत्या. पोरगा आडवा आला, मी ब्रेक दाबले, पुढचं चाक घसरलं आणि मी उजव्या तळहातावर पडलो. पोराला खरचटलंही नाही, हे आठवलं की आजही जिवाला बरं वाटतं.

चाक घसरलं ते पावसाळ्यात कडेला वाहून आलेल्या गाळावर. ऑक्टोबरच्या उन्हात तो वाळतो आणि बारीक कच डांबरावर पसरून राहते. उल्हास नदीकाठी असो की ठाण्यात येऊरच्या उतारावर, या दिवसांत कडेची जागा निसरडीच समजावी. तिथे पुढचा ब्रेक एकदम आवळू नये, वळताना तर नाहीच.

ताशी 15 किलोमीटर म्हणजे सेकंदाला चार मीटर. धोका दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. स्वच्छ, कोरड्या रस्त्यावरही थांबायला सातेक मीटर लागतात. ताशी 25 असेल तर साधारण पंधरा. म्हणून माणसं दिसली की आधी वेग चालण्याइतका करा आणि मग घंटी वाजवा, तीही लांबूनच. जवळ आलात की तोंडाने सांगा, "काका, उजवीकडून जातोय." कानात इअरफोन असणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही असं धरून चाला. लहान मुलं असतील तर सरळ उतरून सायकल हातात घ्या.

चालणाऱ्यांनाही कळकळीची विनंती आहे: मुलाला रस्त्याच्या कडेच्या बाजूला ठेवा आणि घंटी ऐकून उडी मारू नका. आहात त्याच रेषेत चालत राहिलात तर सायकलवाला तुम्हाला चुकवू शकतो.

या दिवसांत सूर्य सहाच्या थोडा पुढे मावळतो. जाताना पश्चिमेकडे आणि परतताना पूर्वेकडे, असा मार्ग ठरवा. पण परतताना समोरच्याच्या डोळ्यांत ऊन असतं, तेव्हा पुढचा दिवा लावा.

आणि तळहातावर पडलात तर अंगठा ताणून बघा. त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ खळगा दिसतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर मुरगळलंय म्हणून लेप लावून बसू नका. तिथल्या स्कॅफॉइड हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. माझीही दिसली नव्हती. अशा वेळी मनगट आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा एमआरआय करतात. या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असतो, चीर तशीच राहिली तर ते जुळत नाही आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. दुखणं कमी झालं तरी ती दुसरी तपासणी चुकवू नका.