तीन पिढ्या आणि एक फोन

इंटरनेट आधी तरुणांनी घेतले आणि वडीलधाऱ्यांपर्यंत ते मागाहून आले, असे आपण सहज म्हणतो. देवास जिल्ह्यातील कन्नौदसारख्या ठिकाणाहून पाहिले तर हा क्रम तितका सरळ दिसत नाही.

धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ योजना सुरू झाली. गावोगावच्या सूचनालयांतील संगणक टेलिफोनच्या तारेने जोडलेले असत. खरे पाहता ते जिल्ह्यापुरतेच जाळे होते. तरी मंडीतील भाव, जमिनीच्या खात्याची नक्कल, तक्रारीचा अर्ज ही कामे तेथे होत, आणि ती कामे घरच्या कर्त्या शेतकऱ्याची. यंत्राला त्याचा हात लागत नसे. गावातलाच शिकलेला ‘सूचक’ ठरलेली फी घेऊन काम करून देई. त्याच वर्षी सोयाबीनच्या शेतकऱ्यांसाठी आय.टी.सी. कंपनीची ई-चौपाल मध्य प्रदेशात निघाली. तरुण तेव्हा शहरातील सायबर कॅफेत तासावर पैसे मोजीत.

२०१६ साली जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वडिलांचा फोन धड्यांसाठी मुलांच्या हाती गेला. तो पुष्कळ घरी पुन्हा पुरता परत आलाच नाही!

आजींचे मात्र आम्हांस कौतुक वाटते. माळव्यातील मराठी घरांत पूर्वी मराठी मासिकासाठी टपालाची वाट पाहावी लागे. आता दुपारी त्या पुण्या-मुंबईची मराठी गाणी व भाषणे ऐकतात. शेजारी बसलेला नातू मात्र हिंदी चित्रफिती पाहतो. एकाच खोलीत दोन भाषा, आणि दोघांच्याही कानांत बोंडे.

अडचण येते ती व्यवहारात. पेन्शनरांचा हयातीचा दाखला २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’द्वारे संगणकावर देता येतो, आणि आता फोनपुढे चेहरा धरूनही. पण ते करून देतो नातूच. जुना सूचक चारचौघांत बसे, फी ठरलेली असे. घरातल्या सूचकाला फी नाही, पण त्याची मर्जी सांभाळावी लागते, बँकेचा ओ.टी.पी. त्याच्याच हाती, आणि आजोबा विचारावयास संकोचतात. याच संकोचामुळे परक्याच्या फोनवर आकडे सांगून टाकले जातात. अशी फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. उशीर झाला की पैसे अडवणे कठीण जाते.

अभ्यासासाठी एवढेच विचारतो: आपल्या घरी आजोबांच्या फोनचा गुप्त क्रमांक कोणाकोणास ठाऊक आहे? आणि तो बदलणे त्यांना स्वतःला येते काय?