अर्जावरची न दिसणारी सही

पूर्वी एम्. एस्सी. करावयाचे म्हणजे ट्रंक उचलून पुण्यामुंबईची वाट धरावी लागे. आता काही विषयांत घरी बसूनही पदव्युत्तर पदवी मिळू शकते. अमेरिकेत अटलांटा येथील जॉर्जिया टेक या संस्थेने २०१४ साली संगणकशास्त्राची आणि २०१९ साली सायबर सुरक्षेची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन देण्यास सुरुवात केली. सायबर सुरक्षेच्या संपूर्ण अभ्यासक्रमाची फी दहा हजार डॉलरच्या आत ठेवल्याचे संस्थेने तेव्हाच जाहीर केले होते. आपल्याकडे आय. आय. टी. कानपूरनेही २०२२ पासून असा अभ्यासक्रम चालू केला. त्यामुळे नोकरी सांभाळून अर्ज करणारे अनेक जण निघाले, आणि आमच्यासारख्या प्राध्यापकांकडे शिफारसपत्रे मागणारे माजी विद्यार्थीही वाढले.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला असा अर्ज करायला अजून सातआठ वर्षे अवकाश आहे. परंतु त्या अर्जातच एक सुंदर कोडे दडलेले आहे आणि ते सोडवायला तुमचे शाळेतले गणित पुरते. अर्जासोबत पदवीच्या गुणपत्रिका, शिफारसपत्रे आणि आपल्याला हा विषय का शिकावयाचा आहे याचे निवेदन पाठवावे लागते. अर्जदार एका देशात आणि विद्यापीठ दुसऱ्या देशात. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नाही, पुढेही कदाचित पाहणार नाहीत. मग गुणपत्रिका खरी आहे, वाटेत कोणी आकडा बदललेला नाही, हे विद्यापीठाने कशावरून मानावयाचे? उलट, ज्या संकेतस्थळावर आपण फीचे पैसे भरणार ते त्याच विद्यापीठाचे आहे, कोणा भामट्याचे नाही, हे अर्जदाराने कशावरून ओळखावे?

कागदावर आपण सही आणि शिक्का पाहतो. संगणकावर त्याचा उपयोग नाही. सहीचे चित्र एकदा हाती आले की ते कोणत्याही मजकुराखाली चिकटवता येते, कारण सहीचा मजकुराशी काही संबंधच नसतो. ‘४३८ गुण’ याखाली जी सही, तीच ‘४८३ गुण’ याखालीही शोभून दिसते. तेव्हा आपल्याला अशी सही हवी, की जी मजकुरातूनच तयार होईल आणि मजकुराचा एक अंक जरी बदलला तरी निरुपयोगी ठरेल. शिवाय ती करणे एकालाच जमावे, पण तपासणे मात्र कोणालाही जमावे. ही शेवटची अट ऐकायला विचित्र वाटते. जो सही तपासू शकतो, त्याला ती करताही आली पाहिजे, असे आपले मन म्हणते. शेकडो वर्षे गुप्तलिपीचे तज्ज्ञही असेच समजत होते.

प्रथम मजकुराचा गोषवारा काढू. समजा, गुणपत्रिकेवर ५०० पैकी ४३८ गुण आहेत. ४३८ ला ३१ ने भागा. १४ वेळा ३१ म्हणजे ४३४, बाकी ४. ही बाकी हाच आपला गोषवारा. कोणी अंकांची अदलाबदल करून ४८३ केले, तर १५ वेळा ३१ म्हणजे ४६५, बाकी १८ येईल. लबाडी उघडी पडली. पण थांबा! लबाडी करणारा तुमच्याइतकाच हुशार असला तर? तो ४३८ मध्ये बरोबर ३१ मिळवील आणि ४६९ लिहील. बाकी पुन्हा ४! गुण वाढले, गोषवारा तोच राहिला. म्हणजे आपला गोषवारा कच्चा आहे.

खऱ्या व्यवहारात याहून फार गुंतागुंतीचे गोषवारे वापरतात. त्यांतील एकाचे नाव शा-२५६. एका ओळीचे पत्र असो की हजार पानांचे पुस्तक, त्याचा गोषवारा २५६ द्विमान अंकांचाच येतो. आपल्या नेहमीच्या पद्धतीने लिहिला तर तो ७८ अंकांपर्यंत भरेल. मजकुरातला एक स्वल्पविराम बदला, गोषवारा ओळखू येणार नाही इतका बदलतो. एकच गोषवारा असलेले दोन मजकूर अस्तित्वात असणारच, कारण मजकूर अगणित आणि गोषवारे मोजके. पण ते शोधून काढणे अशक्यप्राय असले पाहिजे. एमडी-५ नावाची जुनी रीत या कसोटीवर २००४ साली पडली. चीनच्या वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच गोषवारा देणारे दोन वेगळे मजकूर करून दाखवले. शा-१ ही दुसरी रीत २०१७ साली अशीच गारद झाली. एकाने भिंत बांधावी आणि दुसऱ्याने तिच्यात भोक शोधावे, असा हा विषय आहे; आणि भोक शोधणाऱ्याचे काम येथे मानाचे समजले जाते.

आता सही. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. दोन्हींमधून एकेक वजा करून गुणाकार करा: २ गुणिले १० म्हणजे २०. आता अशा दोन संख्या शोधा, की ज्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतील, कारण ३ गुणिले ७ म्हणजे २१. यांपैकी ३३ आणि ३ या संख्या परीक्षा मंडळ सर्व जगाला सांगून टाकते. ही झाली उघडी किल्ली. ७ मात्र तिजोरीत राहते. ती गुप्त किल्ली.

गोषवारा ४ होता. सही करण्यासाठी मंडळ ४ चा ७ वा घात करते आणि त्याला ३३ ने भागून बाकी घेते. घाबरू नका, मोठी संख्या येण्याआधीच बाकी काढत जायचे. ४ चा वर्ग १६. १६ चा वर्ग २५६, त्याला ३३ ने भागल्यास बाकी २५. हा झाला चौथा घात. सातवा घात म्हणजे चौथा, दुसरा आणि पहिला यांचा गुणाकार: २५ गुणिले १६ गुणिले ४, म्हणजे १६००. ३३ ने भागा, बाकी १६. ही १६ संख्या म्हणजे ४३८ गुणांच्या गुणपत्रिकेवरची सही.

विद्यापीठाला ४३८ आणि १६ या दोन्ही संख्या मिळाल्या. तेथला कारकून १६ चा घन करतो: ४०९६. ३३ ने भागतो: १२४ वेळा ३३ म्हणजे ४०९२, बाकी ४. मग तो ४३८ चा गोषवारा स्वतः काढतो: तोही ४. सही खरी! वाटेत कोणी ४३८ चे ४८३ केले असते, तर गोषवारा १८ आला असता आणि सही मात्र ४ च सांगत राहिली असती. तपासणी करताना ७ या संख्येची गरज कोठेच पडली नाही, हे ध्यानात घ्या.

हा चमत्कार कसा घडला? ३३ ने भागून बाक्या घेत गेल्यास घात घड्याळाच्या काट्यासारखे फिरून पुन्हा मूळ जागी येतात. २ चे घात करून पाहा: २, ४, ८, १६, ३२, ३१, २९, २५, १७, १, आणि पुन्हा २. ११ व्या पायरीवर आपण परत आलो, तसेच २१ व्या पायरीवरही येऊ. ३३ च्या आतली कोणतीही संख्या घेतली तरी तिचा २१ वा घात तीच संख्या देतो. आधी ७ वा घात आणि मग घन म्हणजे २१ वा घातच. सतराव्या शतकात फर्माने आणि अठराव्यात ऑयलरने याचे नियम शोधले, तेव्हा त्यांचा व्यवहारात काही उपयोग होईल असे कोणाला वाटले नसावे.

पण ३३ पाहून ३ आणि ११ तर कोणीही सांगेल, आणि मग ७ शोधणे दोन मिनिटांचे काम. खरे आहे. म्हणून मोठ्या संख्या घ्याव्या लागतात. ८०५१ चे अवयव पाडून पाहा बरे. बहुतेक जण ३, ७, ११ असे भागत बसतील. चतुर विद्यार्थी म्हणेल, यात ४९ मिळवले तर ८१०० होतात, म्हणजे ९० चा वर्ग. तेव्हा ८०५१ म्हणजे ९० चा वर्ग वजा ७ चा वर्ग, म्हणजे ९७ गुणिले ८३! हे सूत्र तुम्ही आठवीत शिकता. यावरून एक सावधगिरीही कळते: निवडलेल्या दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ असता कामा नयेत.

ही रीत १९७७ साली अमेरिकेतील एम. आय. टी.मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी शोधली. त्यांच्या आडनावांवरून तिला आर. एस. ए. म्हणतात. उघड्या किल्लीची कल्पना त्याआधी १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडली होती. गंमत अशी, की ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स या गणितज्ञाला हीच युक्ती १९७३ मध्ये सुचली होती. खात्याने ती १९९७ पर्यंत दडवून ठेवली, आणि श्रेय तिघांना गेले.

१९७७ साली मार्टिन गार्डनर यांच्या सुप्रसिद्ध गणित सदरात १२९ अंकी संख्या देऊन तिच्या आधारे लिहिलेला संदेश उलगडण्यास शंभर डॉलरचे बक्षीस लावले होते. त्या संख्येचे अवयव पाडायला ४ वर १६ शून्ये इतकी वर्षे लागतील, असा तेव्हाचा अंदाज. प्रत्यक्षात १७ वर्षे लागली. १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक इंटरनेटने जोडून ते काम केले. २०२० मध्ये २५० अंकी संख्याही फुटली. आज सहसा ६१७ अंकी संख्या वापरतात. एवढ्या मोठ्या मूळ संख्या मिळतात कशा? एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणे तिचे अवयव पाडण्याहून कितीतरी सोपे असते. त्यासाठी खात्रीची आणि जलद रीत अस्तित्वात आहे, हे २००२ मध्ये आय. आय. टी. कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले. व्यवहारात त्याहूनही झटपट चाचण्या वापरतात, पण त्यामुळे त्या शोधाचे मोल कमी होत नाही.

आता अर्जाकडे वळू. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने अशा सहीला मान्यता दिली. डिजिलॉकरमध्ये मिळणाऱ्या केंद्रीय बोर्डाच्या गुणपत्रिकेवर अशीच सही असते. तिची कागदावर छापून झेरॉक्स काढली की ती सही नाहीशी होते, कारण ती शाईची नसून आकड्यांची आहे. शिफारसपत्राचे मात्र अजून जुनेच आहे. विद्यापीठ प्राध्यापकाच्या ई-मेल पत्त्यावर एक दुवा धाडते, पत्र त्यातून चढवावयाचे. पत्ता महाविद्यालयाचा असला की विश्वास बसतो. सायबर सुरक्षा शिकवणाऱ्यांनीही अद्याप पत्त्यावर भिस्त ठेवावी, याचे मला हसू येते.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही आपण सांगितलेल्या प्रकारचीच सही असते. काही विश्वासू संस्था ‘हे नाव आणि ही उघडी किल्ली एकाच मालकाची’ असे प्रमाणपत्र सही करून देतात, आणि आपला संगणक ती सही आपोआप तपासतो. पत्त्याशेजारी कुलपाचे किंवा तशाच अर्थाचे एखादे चिन्ह दिसते ते यामुळे. येथे पुष्कळ जण फसतात. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की वर लिहिलेल्या नावाच्या स्थळाशीच आपण बोलत आहोत आणि मधले कोणी ऐकत नाही. त्या नावाचा मालक सज्जन आहे असे ते सांगत नाही. विद्यापीठाच्या नावात एक अक्षर फिरवून भामटाही स्थळ उघडतो आणि त्यालाही कुलूप मिळते. म्हणून फी भरण्याआधी नाव अक्षरन्‌अक्षर वाचावे. कोणा विद्यापीठाला ऑनलाइन पदवी देण्याचा अधिकार आहे, याची यादी विद्यापीठ अनुदान आयोग प्रसिद्ध करतो, तीही पाहावी. परदेशी पदवी घेऊन पुढे येथे सरकारी नोकरी किंवा पीएच्. डी. करावयाची असेल, तर ती येथे समकक्ष मानली जाईल का, हे अर्जाआधीच विचारून घ्यावे. पैसे भरल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

निवेदनात बहुतेक अर्जदार ‘मला संगणकाची लहानपणापासून आवड आहे’ असे लिहितात. माझ्या मते निवड करणाऱ्यांना याहून जास्त काही सांगणारा अर्जदार म्हणजे ज्याने एखादी लहानशी रीत स्वतः करून पाहिली, तिच्यातला कच्चा दुवा शोधला आणि तो कागदावर मांडला. ३१ च्या बाकीतली खोट ज्याला आपणहून दिसली त्याने सुरुवात केलीच आहे. पुढे कामही भरपूर पडणार आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले, की क्वांटम संगणक पुरेसा मोठा झाला तर मोठ्या संख्यांचे अवयवही झपाट्याने पडतील. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये निराळ्या गणितावर उभारलेल्या नव्या रीती जाहीर केल्या. जगभरची कुलपे बदलण्याचे काम सुरू झाले आहे.

तोवर हे उदाहरण सोडवा. एका मंडळाची उघडी किल्ली ५५ आणि ३ आहे. गोषवारा पूर्वीप्रमाणेच ३१ ने भागून काढतात. एकाच विद्यार्थ्याच्या नावे दोन गुणपत्रिका आल्या. एकीवर ४१२ गुण, दुसरीवर ४२१. दोन्हींवर सही १७ आहे. खरी कोणती? आणि मंडळाची गुप्त किल्ली कोणती असेल?