मिरचीचे गाव

सुरतेहून भुसावळकडे जाणारी आगगाडी नंदुरबार सोडून निघाली की तासाभराच्या आत दोंडाईचा स्टेशन लागते. गाडी येथे फार वेळ थांबत नाही. हिवाळ्याच्या दिवसांत वाऱ्याची एखादी झुळूक खिडकीतून आत येते आणि परगावचे उतारू नाकाला रुमाल लावून शिंकू लागतात. कोणी घाईघाईने खिडकी ओढून घेतो. त्याच डब्यातील एखादा तरुण मात्र उठून दाराशी जातो आणि छाती भरून श्वास घेतो. तो दोंडाईच्याचा असतो.

या तरुणाला परमुलखात कोणी गाव विचारले, तर बहुधा तो चाचरत ‘नंदुरबारजवळ’ एवढेच सांगतो. लहान गावच्या माणसांना ही सवय जडते. दोंडाईच्याला कोरीव लेणी नाहीत, समुद्रकिनारा नाही. गावातून अमरावती नदी वाहते. पण तिचे नाव घेतले की ऐकणाऱ्याला विदर्भातील शहर आठवते! ही नदी पुढे तापीला मिळते. पावसाळा सरला की तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते.

धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात हे गाव आहे. तालुक्याचे ठाणे शिंदखेड्याला. बाजारपेठ मात्र दोंडाईच्याची. तापीखोऱ्यातील काळ्या जमिनीत पिकलेली मिरची येथे विक्रीस येते. दिवाळीच्या सुमारास ओल्या लाल मिरचीने भरलेल्या गाड्या बाजाराच्या वाटेला लागतात. व्यापारी ती विकत घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत वाळत घालतात. अशा जागेला खानदेशात ‘पथारी’ म्हणतात. दुरून पाहावे, तर जमिनीवर कोणी लाल जाजम अंथरले आहे असे वाटते. जवळ जावे, तर डोळ्यांतून पाणी येते.

मिरची वाळविणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे. शंभर किलो ओली मिरची वाळली की जेमतेम पंचवीस-तीस किलो भरते. ती वरचेवर उलटीपालटी करावी लागते, नाहीतर खालच्या बाजूने कुजते. थंडीच्या दिवसांत अवचित आभाळ भरून आले, तर पथारीवर एकच धावपळ उडते. एका रात्रीच्या पावसाने मिरचीवर काळे डाग पडतात आणि तिचा भाव उतरतो. वाळलेल्या मिरचीचे देठ खुडण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. जितके किलो काम, तितकी मजुरी. मिरचीतील कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे बोटांची आग होते. ते पाण्याने सहजी धुऊन जात नाही, म्हणून बोटांना तेल चोळतात. सायंकाळी घरी परतलेल्या आईला आपल्या तान्ह्या मुलाच्या गालाला हात लावतानाही जपावे लागते. घरोघरच्या आमटीला रंग येतो, त्यामागे असे हात असतात.

नवलाची गोष्ट अशी, की सुमारे पाचशे वर्षांपूर्वी मिरची भारतात नव्हतीच. ती मूळची अमेरिकेची; पोर्तुगीजांनी ती इकडे आणली. आज मात्र शेवभाजी आणि भरताच्या खानदेशी पंगतीत तिला परकी म्हणण्याचे धाडस कोण करील?

गावात मक्यापासून स्टार्च तयार करणारा कारखानाही आहे. कापडाची खळ, कागद, औषधाच्या गोळ्या अशा अनेक ठिकाणी स्टार्च लागतो. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिकडे जाणारे कितीतरी यात्रेकरू दोंडाईच्यालाच गाडीतून उतरतात.

पण बाजार कितीही मोठा असला, तरी तो सगळ्यांना काम पुरवू शकत नाही. पाऊस चुकला की शेती चुकते. म्हणून खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरतेला गेली आणि तेथील कापडधंद्यात कामाला लागली. १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून ही वाट सोपी झाली. सुमारे दोनशे किलोमीटरचे ते अंतर. १९६० पर्यंत दोन्ही गावे मुंबई राज्यातच होती. त्या वर्षीच्या १ मे रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली. दोन्ही गावांच्या मध्ये राज्याची सीमा आली, पण गाडी धावतच राहिली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही गाडी उलट दिशेने भरभरून येते. त्या दिवशी खानदेशात कानबाई बसते. नारळाला नथ आणि दागिने घालून देवी सजवितात. रोटासाठी घरातील प्रत्येक पुरुषमाणसामागे सव्वा मूठ गहू घेण्याची चाल आहे. गहू मोजताना एकेकाचे नाव ओठांवर येते. सुरतेला असलेल्याचेही येतेच. सुरतेत दिवसभर गुजराती-हिंदी बोलणारा तरुण उंबरठ्यावर पाऊल ठेवतो आणि घरातून अहिराणी शब्द येतो, ‘उना!’ म्हणजे आला. भाऊबंद एका पंगतीला बसतात, रात्र गाण्यांत सरते, आणि सोमवारी वाजतगाजत कानबाईला नदीवर नेतात. त्या दिवशी नदीकाठी उभे राहायला जागा मिळत नाही.

मग परतीची गाडी. सामानात आईने बांधून दिलेली तिखटाची पुरचुंडी असते, वर्षभर पुरवायची. नवापूर स्टेशनाच्या मधूनच दोन राज्यांची सीमा गेली आहे. गाडी अर्धी महाराष्ट्रात, अर्धी गुजरातेत उभी राहते. शेजारचा उतारू शिंकतो, डोळे पुसतो आणि विचारतो, “काय हो, ही मिरची कुठली?”

“दोंडाईच्याची,” तरुण सांगतो, आणि पुरचुंडीची गाठ सोडून त्याला चिमूटभर तिखट दाखवितो.