खेळलेले खेळणे : रोहसेनाची गाडी आणि हरवलेली बाहुली

‘मृच्छकटिका’च्या सहाव्या अंकात रोहसेन मातीची गाडी नाकारतो आणि सोन्याची मागतो. हा प्रसंग शिकविताना आपण बहुधा लगेच चारुदत्ताच्या दारिद्र्याकडे वळतो. मूल चकाकीला भुललेले आहे, हे गृहीतच धरलेले असते. देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे हे नाटक मराठी वाचकाला घरचे वाटते, म्हणूनही हे गृहीत सहसा तपासले जात नाही. प्रस्तुत टिपणात ते तपासावयाचे आहे.

त्यासाठी आधी एका मोडक्या बाहुलीकडे वळावे लागेल. चार्ल्स किंग्सली यांच्या ‘द वॉटर-बेबीज’ (१८६३) या कादंबरीत एक परी पाण्यातल्या मुलांना गाणे म्हणून दाखविते. बाहुली माळावर हरवते. आठवड्याहून अधिक काळ रडणे होते. पुढे ती सापडते तेव्हा रंग धुपलेला, केसांचे कुरळेपण गेलेले, एक हात गायींच्या पायांखाली तुटलेला असतो. तरीही तीच जगात सर्वांत सुंदर ठरते. पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेल्या ‘लाडकी बाहुली’ या मराठी कवितेत घटनाक्रम हाच आहे. बाहुलीची दुर्दशा बोलून दाखविणारे ‘लोक’ मराठीत मैत्रिणी होतात, आणि त्यामुळे मुलीचा निर्णय अधिक कसोटीला लागतो. कारण बाहुली कुरूप झाली आहे, हे तिलाही दिसतेच. तिच्या प्रेमाला केवळ ‘निरागस’ म्हणून बाजूला सारणे म्हणूनच योग्य नव्हे.

येथे डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश मनोविश्लेषकाचा १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला, तान्ह्या मुलाच्या पहिल्या जिवलग वस्तूविषयीचा निबंध आठवतो. ती वस्तू मुलाने स्वतः बदलल्याखेरीज बदलता कामा नये. ती मळली, वास येऊ लागला तरी आई धूत नाही, कारण धुण्याने अनुभवाचे सातत्य तुटते, असे त्यांचे निरीक्षण आहे. आपल्याकडे हा सिद्धान्त कोणत्याही बाहुलीला सरसकट लावला जातो, ते खटकते. वरील कवितांत बाहुलीला बदलले ते मुलीने नव्हे, पावसाने आणि गुरांनी. आणि तरीही सातत्य तुटत नाही. वस्तू बदलली तरी तिच्याबरोबर गेलेला काळ शाबूत आहे.

ही दृष्टी घेऊन पुन्हा रोहसेनाकडे पाहावे. रदनिका काय सांगते? शेजाऱ्याच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी हा खेळला. ती त्या मुलाने नेली. हा पुन्हा मागू लागला तेव्हा तिने मातीची करून दिली. म्हणजे मातीची गाडी नुकती घडविलेली, परकी आहे. खेळलेली गाडी सोन्याची आहे, हा योगायोग. रोहसेनाला हवे आहे ते त्याच्याकडून काढून नेलेले खेळणे. बाहुलीवाली मुलगीही तेच शोधत होती. तिची बाहुली तिची होती म्हणून परत मिळाली; रोहसेनाची गाडी मुळात शेजाऱ्याची. दारिद्र्य येथे बोचते.

सोन्याचाच मोह असता तर वसंतसेनेने उतरविलेले दागिने पुरे झाले असते. पण ती रडते आहे, म्हणून रोहसेन ते घ्यायला नकार देतो. हा नकार वर्गात वाचताना बहुधा निसटतो. मग ती डोळे पुसते आणि मातीची गाडी दागिन्यांनी भरते. तेच दागिने नवव्या अंकात न्यायसभेत चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. गाडी अशी मोठ्यांच्या व्यवहारात ओढली जाते. रोहसेन तिच्याशी कधी खेळला की नाही, हे नाटक सांगत नाही.