दुकानात माणूस कोसळला तर...

धुळ्याचा यंत्रमाग कारखाना असो की जळगावची डाळमिल, आगीसाठी वाळूची बादली आपण ठेवतो. पण गादीवर बसलेला माणूस अचानक कोसळला तर? कोणी पाणी मारतो, कोणी कांदा हुंगवतो, बाकीचे रिक्षा शोधतात. हृदय बंद पडले असेल, तर एवढ्या वेळात हातचा माणूस जातो.

हाकेला ओ नाही, श्वास नीट नाही (अधूनमधून आचके म्हणजे श्वास नव्हे), तर एकाने लगेच १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने रुग्णाला गादीवरून कडक जमिनीवर घ्यावे व छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून दाबू लागावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल. विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच बंद, मगच हात. तिसऱ्याने जवळ असेल तिथून डिफिब्रिलेटर आणावा.

यंत्र आले म्हणून हात थांबवायचे नाहीत. अशा वेळी हृदय पुष्कळदा नुसते थरथरत असते, रक्त पुढे ढकलत नाही. झटक्याने ती थरथर थांबते. तोवर मेंदूला रक्त पोचते ते आपल्या दाबण्यानेच. दाबणे नसेल, तर झटक्याला होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. गंमत अशी की दोन्ही उपाय अमेरिकेतील एकाच प्रयोगशाळेतले. विजेच्या तारांवर कामगार मरत, म्हणून कौवेनहोवन हे विद्युत अभियंते संशोधनाला लागले. झटक्याचे जड पॅडल छातीवर दाबताच रक्तदाब थोडा वाढतो, हे तिथेच लक्षात आले. छाती दाबण्याची पद्धत १९६० साली प्रसिद्ध झाली.

यंत्र सुरू केले की ते स्वतः बोलून सांगते. एक पट्टी उजव्या हसळीखाली, दुसरी डाव्या काखेखाली, उघड्या अंगावर चिकटवावी. खानदेशच्या उन्हाळ्यात छाती घामाने ओली असते; आधी पुसावी. रुग्ण स्त्री असेल तर भोवतालच्यांनी पाठ करून चादर धरावी, पण संकोचापायी पट्टी कपड्यावर लावू नये. झटक्याच्या वेळी कोणीही रुग्णाला शिवू नये. झटका बसताच पुन्हा दोन मिनिटे दाबणे.

यंत्राची किंमत एकट्या दुकानदाराला जड जाते. बाजाराने वर्गणीतून एक घ्यावे. पट्ट्या आणि बॅटरी यांची मुदत पाहण्याचे काम एका माणसावर सोपवावे. आणि मेहरबानी करून ते अध्यक्षांच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नये.