शिसपेन्सिलीत शिसे नसते
(इयत्ता चौथीसाठी वस्तुपाठ)

पेन्सिलीला टोक काढताना लाकडात शीस कसे शिरले असेल, असा प्रश्न अनेक मुलांस पडतो. लाकडाला आरपार भोक पाडून ते आत सारले असावे, असा तर्कही मुले करतात. हा तर्क चुकीचा असला तरी विचारातून आलेला असतो. ज्या मुलाच्या तर्कास वर्ग एकदा हसला, ते मूल पुन्हा सहसा प्रश्न विचारीत नाही. म्हणून त्या तर्कापासूनच पाठाचा आरंभ करावा.

प्रथम नावाचा उलगडा करावा. पेन्सिलीतील काळी कांडी शिशाची नसून ग्राफाइट या खनिजाची असते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे उत्तम ग्राफाइट सापडले, तेव्हा लोकांस तो शिशाचाच प्रकार वाटला. १७७९ मध्ये स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी ते कार्बनचेच रूप असल्याचे दाखविले. नाव मात्र जुनेच राहिले.

पुढे इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले आणि फ्रान्सला हे ग्राफाइट मिळेनासे झाले. तेव्हा १७९५ मध्ये निकोला-झाक कॉन्ते यांनी ग्राफाइटची पूड चिकणमातीत कालविली, तिच्या कांड्या केल्या व कुंभार मडकी भाजतो तशा त्या भट्टीत भाजल्या. आजही मूळ रीत हीच आहे. माती अधिक घातल्यास कांडी कठीण व रेघ फिकट होते. ग्राफाइट अधिक घातल्यास कांडी मऊ व रेघ काळी होते. पेन्सिलीवरील ‘एच’ हे अक्षर कठीणपणा व ‘बी’ हे काळेपणा दर्शविते.

आता लाकडाकडे वळावे. पातळ पट्टीवर शेजारी शेजारी अर्धगोल खाचा पाडून त्यांत कांड्या चिकटवितात. तशाच खाचांची दुसरी पट्टी वर बसवून दोन्ही घट्ट दाबतात. जोड पक्का झाल्यावर यंत्राने एकेक पेन्सिल कापून निराळी करतात व तीस रंग देतात. काश्मीरमधील पुलवामा जिल्ह्यातील उखू गावी पॉप्लर वृक्षाच्या अशा पट्ट्या तयार होतात.

प्रत्यक्ष कार्य : टोक न काढलेली नवी पेन्सिल मुलांच्या हाती देऊन तिच्या उघड्या टोकाशी लाकडाचा जोड शोधण्यास सांगावे. नंतर कोळशाची वस्त्रगाळ पूड व चिकणमाती मळून दोन प्रकारच्या कांड्या कराव्यात. एकीत कोळसा अधिक, दुसरीत माती अधिक. सावलीत वाळल्यावर दोहोंनी कागदावर रेघा ओढून पाहाव्यात. न भाजल्यामुळे त्या ठिसूळ असतील. त्या का मोडतात, हे मुलांनीच सांगावे.

एखाद्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकास ठाऊक नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगून “आपण मिळून शोधू” असे म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

गृहपाठ : घरातील एक वस्तू पाहून तीत कोठे जोड आहे व तो कशाने सांधला आहे, ते उद्या वर्गात सांगणे.